पाहुण्यांनी उठायचं नाही

मंगळवार, ७ जानेवारी

चादर! शाळेचं वर्ष संपत आलं आणि अजून एका कार्ट्याला चादरीचा कोपरा धड दुमडता येत नाही. आज पुन्हा दाखवलं. गादी उचला, कोपरा ओढा, खालचा भाग खोचा, वरचा सोडा, मग तोही खोचा. झालं! चौदा माना डोलल्या. मग लंबूने गादी उचलली ती सरळ पलीकडच्या मुलीच्या पायावर सोडली. ती किंचाळली, लंबू हसला, आणि खिडकीपाशी उभा असलेला ‘सॉरी’, ज्याचा या सगळ्याशी काडीचा संबंध नव्हता, तो म्हणाला – सॉरी.

या पोराचं नाव आता हजेरीपटावरही तेच लिहावं म्हणते. दार वाजलं तरी सॉरी, घंटा झाली तरी सॉरी. त्याला म्हटलं, अरे, पाहुणा आत आला की आधी नमस्कार म्हण. तर म्हणतो, सॉरी मॅडम.

विषयाचं कागदावरचं नाव भलंमोठं आहे – आतिथ्य आणि पर्यटन सेवा. पोरं म्हणतात हॉटेलचा तास. शिक्षकांच्या खोलीत आमच्या पाठीमागे काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे. गणिताच्या सरांनी आज परत विचारलं, काय मॅडम, आजचा चहा तुमच्या वर्गाकडून का? रोज हाच विनोद, आणि रोज स्वतःच हसायचं! मी म्हटलं, पाठवते की, पण तुमचं टेबल आधी पुसून ठेवा, आम्ही पसाऱ्यात कप ठेवत नाही. तेवढंच बरं वाटलं.

एक शिट्टी तेवढी चांगली आहे. जुन्या प्रयोगशाळेत आम्ही हॉटेलची खोली मांडलीय – एक पलंग, एक टेबल, एक दिवा. तिथे तिला सोडली की बघत राहावं. हाताला वळण आहे पोरीच्या. दहा जणांनी मिळून घातलेला गोंधळ ती एकटी निस्तरते आणि चेहऱ्यावर त्रास म्हणून नाही. एकच खोड – काम करताना शिट्टी वाजवते. किती वेळा सांगितलं, खोली आवरणाऱ्याचा आवाज येता कामा नये. ‘हो मॅडम’ म्हणते आणि पुढच्या उशीला परत सुरू.

बुधवार, ८ जानेवारी

लंबूने उशीला खोळ घालताना उशीच फाडली. घरी आले तर हे विचारतात, एका दिवसात केस कसे पांढरे झाले गं? कापूस होता!

शुक्रवार, १० जानेवारी

बाहेरच्या रस्त्यावर नवं मोठं हॉटेल झालंय, तिथले मॅनेजर शाळेत आले होते. चार मुलं घेणार म्हणाले. परीक्षा संपली की लगेच शिकाऊ म्हणून रुजू, वर पगार, आणि काम पसंत पडलं तर कायम. मी एवढ्या वर्षांत असं काही ऐकलं नव्हतं. मोठ्या बाई तर खुर्चीतून अर्ध्या उठल्याच. पण पुढे अट आली. मॅनेजरांना मुलं काम करताना बघायची आहेत. शाळेतच जेवण मांडा, खरे पाहुणे बसवा, मी कोपऱ्यात बसून बघतो, असं म्हणाले. त्यांना सोमवारी जमतं, म्हणून सोमवार वीस तारीख ठरली. निवडलेल्या मुलांच्या पालकांची सही त्यांना अठ्ठावीसपर्यंत हवी. सही नाही तर जागा पुढच्याला.

आता पाहुणे कुठून आणू? वर्गातली पोरं एकमेकांचे पाहुणे होतात ते बघवत नाही. पाहुणा झालेला म्हणतो, राहू दे रे, मी घेतो पाणी. असे पाहुणे कुठल्या जगात असतात? मी अठरा वर्षं हॉटेलच्या काउंटरवर काढलीत. खिडकीतून समुद्र दिसत नाही म्हणून खोली बदलून मागणारे पाहुणे मी सोसलेत, आणि समुद्र तिथून दिवसभराच्या वाटेवर होता!

मोठ्या बाई म्हणाल्या, पालकांनाच बोलवू, त्यांनाही कळेल मुलं काय शिकतात ते. मी म्हटलं, वा, उत्तम. त्या क्षणी माझं डोकं कुठे चरायला गेलं होतं कोण जाणे.

सोमवार, १३ जानेवारी

तळपायाची आग मस्तकात गेलीय अजून.

शिट्टीचे बाबा आले होते. ते शहरात कुठल्याशा कंपनीच्या ऑफिसात आहेत. आठवडाभर तिकडे, आणि सुट्टी सोमवारी, म्हणून आज आले. इस्त्रीचा शर्ट, नीट विंचरलेले केस, बोलणं मऊ. मी तीनदा म्हटलं बसा, बसा. बसले नाहीत. टेबलासमोर सरळ उभे, हात मागे. मला वाटलं, बघा तोरा! आमच्या खुर्चीवर बसायलासुद्धा कमीपणा वाटतो साहेबांना.

म्हणाले, मुलीला या विषयातून काढा, दुसरा द्या. मी सांगितलं, वर्ष संपत आलंय, आता विषय बदलत नाही. तर म्हणाले, बरं, पण पुढे त्या हॉटेलचं काही काढू नका, मी सही करणार नाही. मी समजावलं. पोरगी वर्गात पहिली आहे, हाताला वळण आहे, मॅनेजर तिला डोळे झाकून घेतील, स्वतःच्या पायावर उभी राहील. मी स्वतः किती वर्षं हॉटेलात होते, तेही सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्याच मऊ आवाजात म्हणाले, “माझी मुलगी लोकांची उष्टी ताटं उचलणार नाही, मॅडम.”

मग मी बोलले बरंच. काम ते काम, त्यात उष्टं-खरकटं काय घेऊन बसलात, तुमच्यासारख्या ऑफिसात बसणाऱ्यांना काय कळणार उभ्याने राबणं – असंही बोलून गेले. ते नमस्कार करून गेले. जाताना दार इतकं हळू लावलं की आवाजसुद्धा झाला नाही. त्याचाही राग आला!

मंगळवार, १४ जानेवारी

शिट्टीला मधल्या सुट्टीत बाजूला घेतलं. विचारलं, तुला नक्की हवंय का हे? नाहीतर मी उगाच तुझ्या बाबांशी भांडत बसायची. ती म्हणाली, मला दुसरं काही नकोच आहे मॅडम. का, म्हटलं, तर खांदे उडवले. म्हणाली, आवडतं. कोणी दमून येतं, आपण नीट अंथरून ठेवलेलं असतं, त्यांना कळतही नाही कोणी केलं, पण बरं वाटतं त्यांना. मला आवडतं ते.

आता या पोरीला मी काय सांगू? भाषणं मी देते, आणि मुद्द्याचं ती बोलून गेली.

बाबा नाही म्हणतायत, हे तिला माहीत आहे. मी पटवीन त्यांना, म्हटलं. ‘मी बघते’ म्हणाली. काय बघणार! घरात बाबांसमोर तोंड उघडत नाही असं तिची आई सांगत होती. बाबा आठवड्यातून एक दिवस घरी, मग त्या दिवशी सगळं त्यांच्या मनासारखं. त्या दिवशी घरात कोणी मोठ्याने बोलतसुद्धा नाही म्हणे, कारण ते ऑफिसात थकून आलेले असतात.

ह्यांना सांगितलं, तर म्हणाले, तू कशाला दुसऱ्याच्या घरात नाक खुपसतेस? मी म्हटलं, मग कोण खुपसणार, गणिताचे सर?

गुरुवार, १६ जानेवारी

जेवणाची तालीम. नियम सांगितला – त्या दिवशी तुमची आई ही आई नाही आणि बाबा हे बाबा नाहीत. ते पाहुणे. ओळख दाखवायची नाही, लाडात यायचं नाही, ‘आई, बघ ना’ करायचं नाही. ‘मॅडम’, ‘सर’ म्हणायचं. लंबू म्हणाला, आईला मॅडम म्हटलं तर ती मला झोडपेल. म्हटलं, झोडपू दे, पण सूप सांडू नकोस.

ताटल्या उचलायचं आज अर्धा तास शिकवलं. एक हातात, दुसरी मनगटापाशी, तिसरी त्याच्यावर. पाच ताटल्या फुटल्या. एक माझ्या हातून. पोरांनी टाळ्या वाजवल्या, आगाऊ कुठली!

शनिवार, १८ जानेवारी

सॉरीला ताप. भीतीचा की खरा, देव जाणे. त्याच्या आईचा फोन, जेवणाला मी येऊ की नको? म्हटलं, या बाई, तुम्ही तरी या.

सोमवार, २० जानेवारी

हुश्श! अक्षर गचाळ येणार.

प्रयोगशाळेतली टेबलं पुसली, पांढरी कापडं घातली, सात टेबलं. मॅनेजर कोपऱ्यात, वही-पेन घेऊन. पालक आले, बहुतेक आयाच. बाबा मोजून चार, आणि त्यांत शिट्टीचे बाबा! आईने ओढून आणले असणार. खुर्चीच्या कडेवर टेकून बसले, चेहरा दगडाचा. मोठ्या बाईंनी सगळ्यांना सांगितलं – आज तुम्ही पाहुणे आहात, पाहुण्यांनी उठायचं नाही, मुलं सगळं करतील. सगळ्यांनी हो हो केलं.

दोन मिनिटं! दोन मिनिटंसुद्धा बसवेना बायकांना. पहिली उठली ती पाणी घ्यायला. तिची शेजारीण म्हणाली, माझंही आण गं. दुसरी थेट आमच्या स्वयंपाकाच्या खोलीत शिरली, सुपात मीठ आहे का बघायला. मी तिला बाहेर आणते तोवर तिसरी लंबूच्या हातातून भाताचं भांडं घेऊन स्वतःच वाढायला लागली. लंबूची आई! म्हणाली, त्याला जड होतंय. सहा फुटांचा घोडा आणि जड होतंय! मी दातओठ खात हसले. मग तिने भर वर्गात त्याच्या कपाळाचा घाम पुसला आणि शर्ट खोचला. तो बिचारा म्हणतोय, “मॅडम, प्लीज बसा.” ती म्हणते, मॅडम कोणाला म्हणतोस रे?

मॅनेजर लिहीत होते. काय लिहीत होते देव जाणे. 

या सगळ्यात शिट्टी. तिच्या टेबलावर तिचेच आईबाबा. जशी शिकवली तशी उभी राहिली, ना जास्त जवळ ना लांब. “सर, सूप देऊ?” बाबांनी मान हलवली. डावीकडून वाढलं, उजवीकडून उचललं. आईचा चमचा पडला. तिने तो वाकून उचलायच्या आत शिट्टीने दुसरा आणून ठेवला. आईचे डोळे भरून आले होते. अख्ख्या खोलीत ती एकटी बाई जागची हलली नाही. तिला आपण पाहुणी आहोत हे खरं वाटत होतं. मला भरून आलं, आणि तेवढ्यात –

तेवढ्यात सॉरी! तापातून उठून आला होता, अंगात बळ नाही, हातात ट्रे, ट्रेमध्ये सुपाचे बाउल. शिट्टीच्या टेबलापाशी पाय अडखळला. सगळं सूप टेबलावर, कापडावर, शिट्टीच्या बाबांच्या त्या इस्त्रीच्या शर्टावर.  आणि मग सगळ्या आया एकदम उठल्या! एकीने कापड ओढलं, एकीने फडकं आणलं, एकजण जमिनीवर बसून पुसायलाच लागली. सगळ्या टेबलांच्या ताटल्या गोळा. हाताने खरकटं एका ताटलीत ढकलायचं, ताटल्यांची उतरंड, चमचे वर खडखडत. घरच्यासारखं! कोणी म्हणतंय फरशी धुवून काढू, कोणी म्हणतंय बादली कुठेय? सॉरी मधोमध उभा आणि पहिल्यांदाच त्याच्या तोंडून सॉरीसुद्धा निघत नव्हतं. मॅनेजर पेन हातात धरून बसलेले. पाहुणे काम करतायत आणि माझे वाढपी भिंतीला टेकून बघतायत. असं जेवण जगात कुठे झालं नसेल.

कपाळावर हात मारून घेतला मी. बाकीचं उद्या लिहीन. एक गोष्ट बघितलीय त्या गोंधळात. डोकं त्यातच आहे.

मंगळवार, २१ जानेवारी

हां. तर ते.

सगळ्यांबरोबर शिट्टीचे बाबाही उठले होते. शर्टावर सूप, पण त्याच्याकडे लक्ष नाही. त्यांनी टेबल मोकळं केलं. आणि मी बघतच राहिले. आया उचलत होत्या तसं नाही. एक ताटली हातात, दुसरी तिच्याखाली बोटांत सरकवलेली, तिसरी मनगटावर, खरकटं एका सुरीने वरच्या ताटलीत, काटे सुरीखाली अडकवलेले. चार-पाच सेकंदांत अख्खं टेबल साफ. आवाज नाही. वळून दार खांद्याने उघडलं, ताटल्या किंचितही हलल्या नाहीत. हे ऑफिसात शिकवत नाहीत. हे एका वर्षातही येत नाही. मी अठरा वर्षं काउंटरच्या मागून असे हात बघितलेत, मला कोणी सांगायला नको.

मी भयंकर चिडले होते, खोटं कशाला बोलू. गेल्या आठवड्यात माझ्यासमोर उभं राहून उष्टी ताटं, उष्टी ताटं करत होता हा माणूस! आणि मी मूर्खासारखी त्यालाच ऐकवत होते, तुम्हाला काय कळणार उभ्याने राबणं. पाठोपाठ गेले. मागच्या बेसिनपाशी शर्ट धूत उभे होते. मी काही विचारलंसुद्धा नाही, नुसती उभी राहिले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, ताटल्यांकडे बघितलं आणि त्यांना कळलं की मला कळलंय.

“घरी ऑफिस सांगितलंय,” म्हणाले. “लग्नाआधीपासून.”

मी म्हटलं, मग त्या दिवशी मला काय सुनावत होतात? जे काम तुम्ही स्वतः करता, त्याला नावं ठेवता? आवाज चढला होता माझा. त्यांनी नळ बंद केला. त्यांचा आवाज तसाच मऊ.

“तुम्ही काउंटरच्या मागे होतात, मॅडम. तुमच्याशी माणसं बोलायची. मला चुटकी वाजवून बोलावतात. एवढ्या वर्षांत माझं नाव किती जणांनी विचारलं असेल? माझ्या मुलीनं कोणाच्या चुटकीला धावत यायचं, हे मला बघवणार नाही. मी उचलली ताटं ती तिनं उचलू नयेत म्हणून.”

  एक उत्तर तयार होतं पाठ केलेलं – काम ते काम, त्यात कमीपणा कसला – तेच मी सगळ्या पालकांना ऐकवते. त्यांच्यासमोर ते तोंडातून निघेना. त्यांनी हात जोडले, घरी बोलू नका म्हणाले. मुलीला तर नकोच. मी शब्द दिला. देऊन बसले!

आता राग कोणावर काढू? माझा वर्ग बंद पडला तरी चालेल, पण ही पोरगी? तिचा बाप खोटं बोलतो म्हणून तिची जागा जाणार, आणि मी ते तिला सांगू शकत नाही. आज दिवसभर पोरांवर खेकसले. लंबूने काही न करता शिव्या खाल्ल्या.

बुधवार, २२ जानेवारी

मॅनेजरांचा फोन. मी आधीच माफी मागायला सुरुवात केली, सॉरीची लागण झालीय मला. ते हसले. म्हणाले, असा गोंधळ आमच्याकडे रोज असतो, मला बघायचं होतं गोंधळात मुलं काय करतात ते. बहुतेकांनी काही केलं नाही. चार जणांनी केलं. नावं सांगितली. पहिलं नाव शिट्टीचं. सूप सांडल्यावर ती त्या घाबरलेल्या मुलाचा ट्रे हातातून काढून घेऊन त्याला खुर्चीवर बसवून आली होती आणि बाकीच्या टेबलांना जाऊन सांगत होती, दोन मिनिटांत परत सुरू करतो. हे मी बघितलंच नव्हतं! मी तिच्या बापाचे हात बघत बसले होते.

तिला मी आधी घेणार, म्हणाले. अठ्ठावीसपर्यंत सही पाठवा.

मोठ्या बाईंनी पेढे वाटल्यासारखी बातमी सगळीकडे वाटली. गणिताचे सर अभिनंदन करायला आले. मी धड हसूही शकले नाही.

शुक्रवार, २४ जानेवारी

सांगून टाकलं आज शिट्टीला. म्हटलं, बाळा, बाबांचा आग्रह आहे, त्यांना दुखवू नकोस. तू हुशार आहेस, पुढे शीक, दुसरं काही घे. तिने माझ्याकडे असं बघितलं की मान खाली घालावीशी वाटली.

“तुम्हीच म्हणत होतात ना, मी त्यांना पटवीन,” ती म्हणाली. “सोमवारनंतर तुम्ही बदललात. बाबा काही बोलले का तुम्हाला?”

नाही, म्हटलं. काही नाही. खोटं बोलताना मी भलतीकडेच बघते, हे ह्यांना पण माहीत आहे. तिने ते बघितलं. फक्त म्हणाली, बरं. आणि वळून खोलीत गेली, पलंग आवरायला लागली. शिट्टी वाजवली नाही. पहिल्यांदाच ऐकलं माझं, आणि मला ते अजिबात आवडलं नाही.

लंबूला सांगून ठेवलं, कदाचित तुझा नंबर लागेल. त्याला आनंदाने उड्या मारायला हव्या होत्या. तर म्हणतो, शिट्टीच्या जागी नको मॅडम. गाढव! आता मी या दोघांचं काय करू?

रविवार, २६ जानेवारी

ह्यांना सगळं सांगावंसं वाटतंय. शब्द दिलाय म्हणून गप्प. हे म्हणाले, तू दोन दिवस भांडली नाहीस, बरं नाही का तुला? मी चहात साखर घालायला विसरले, तरी हे मुकाट्याने प्यायले. भले गृहस्थ आहेत, पण मला आत्ता भलेपणाचीसुद्धा चीड येतेय.

उद्या तिचे बाबा घरी असणार, सोमवार. परवा अठ्ठावीस. मनात शंभरदा येऊन गेलं की जाऊन त्यांच्या दारात उभी राहावी. जाऊन बोलणार काय? त्यांचं म्हणणं चूक आहे असं मला खरंच वाटतं का, तेच समजेनासं झालंय.

मंगळवार, २८ जानेवारी

पहिल्या तासाआधी शिट्टी आली. कागद पुढे केला. सही! मी दोनदा बघितलं. विचारलं, कशी काय? तर म्हणाली, काल जेवताना विचारलं बाबांना – तिसरी ताटली ठेवली की माझं मनगट दुखतं, तुमचं नाही दुखत? बाबांचा घास हातातच राहिला. विचारलं, तुला कधीपासून माहीत आहे? ती म्हणाली, सहावीपासून. सहलीहून येताना बस तुमच्या हॉटेलापाशी थांबली होती, काचेतून दिसलात. कुणीतरी ओरडत होतं तुमच्यावर, आणि तुम्ही त्यांना पाणी देत होतात.

आई म्हणाली, आधी जेवा. तिलाही माहीत होतं!

मग बाबा उठले, हात धुतले, घरातल्या ताटल्या काढल्या आणि तिला शिकवत बसले. मी कागद धरून उभी, डोळ्यांना काही दिसेना. जाता जाता वळून म्हणाली, “मॅडम, राग नाही ना येणार? बाबा म्हणाले, तुमच्या मॅडमना ताटल्या धरता येत नाहीत.”